दहा इंची वरमाय

थेस्सलोनिकी, ६ जून २०१०

शाल्वादादा,

गिव्हीची बस काल सकाळी गावाकडून आली आणि तिच्यातून बेसोचं पत्र आलं. पोराचं लग्न ठरलं. द्राक्षं उतरली की ऑक्टोबरअखेर. मुलीचं नाव तेओना, दातांच्या डॉक्टरकडे कामाला आहे, हसली की एकाच गालाला खळी पडते, हे सगळं त्यानं तीन पानं भरून लिहिलंय आणि आईची आठवण चौथ्या पानावर काढलीय. तरी मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. मी सांभाळते त्या म्हातारीनं, कीरिया पोलिक्सेनीनं, आतून विचारलं की भांडी कोण पाडतंय.

आता रडगाणं एकदाच गाते. मला लग्नाला येता येणार नाही. माझे राहायचे कागद अजून इथल्या कचेरीत पडून आहेत. ते हातात यायच्या आत मी सीमेपलीकडे पाऊल टाकलं, तर हे लोक मला परत आत घेणार नाहीत आणि इतकी वर्षं परक्याच्या घरी काढलेले कष्ट पाण्यात जातील.

पण म्हणून मी लग्नात नसेन असं समजू नकोस. बेसोचे वडील गेल्यापासून तूच त्याचा बाप झालास, तेव्हा मेजवानी चालवणारा तमादाही तूच होणार हे उघड आहे. आपल्या खोऱ्यात तुझं बोलणं झाल्याशिवाय कोणी पेला ओठाला लावत नाही. त्या मेजावर मला वरमाय म्हणून बसायचंय. आईच्या नावाचा पेला माझ्या तोंडावर उचलला गेला पाहिजे आणि त्याला उत्तर माझ्या तोंडून गेलं पाहिजे.

त्यासाठी मी लॅपटॉप घेतेय. कॅमेरावाला, इंटरनेटवर एकमेकांना बघून बोलता येईल असा, आणि छोटा. इथल्या दुकानांत हल्ली वहीएवढे मिळतात, त्यांना नेटबुक म्हणतात, आणि किंमत माझ्यासारखीला झेपते. तुझं मत कळव. ठरवणार मीच आहे, पण मत कळव.

तुझी मक्वाला

&nbsp;

वेलिसखेवी, २० जून २०१०

मक्वाला,

तुझं पत्र मी मांडवाखाली बसून वाचलं, मग आत जाऊन गार पाणी प्यालो, मग परत वाचलं. तरी त्यात तेच लिहिलेलं होतं.

अगं, तमादा माणसाच्या डोळ्यांत बघून बोलतो. यंत्राच्या डोळ्यात बघून पेला उचललेला मी तरी कुठे पाहिला नाही, आणि माझ्यापासून सुरुवात व्हावी अशी माझी इच्छा नाही. जे परमुलुखात आहेत त्यांच्यासाठी आपल्याकडे वेगळा पेला आहेच, गेलेल्यांच्या पेल्याच्या अगदी शेजारचा. तो मी तुझ्या नावानं असा उचलेन की तेओनाच्या घरचे पुरुषसुद्धा बाह्यांना डोळे पुसतील. तू तिकडे निवांत राहा.

आणि घ्यायचाच हट्ट असेल तर चारचौघांत शोभेल असा तरी घे. शेजारच्या नुगज़ारकडे एक आहे, बंद केला की बॅगेएवढा होतो. स्क्रीन रुंद, सीडी घालायला कप्पा, दोन्ही बाजूंना आवाजाचे भोंगे. त्याच्यात माणूस माणसासारखा दिसतो. तू म्हणतेस तो दहा इंची. तीनशे माणसांच्या मेजावर साचिवीच्या रश्श्याच्या वाडग्याआड तू दिसणार तरी का? कोणीतरी वाडग्याचं झाकण समजून तुला उचलेल आणि बाजूला ठेवेल.

वहिनी बरी आहे, तुझ्यासाठी चुर्चखेला, द्राक्षरसात घोळवलेल्या अक्रोडांच्या माळा, पाठवतेय.

शाल्वा

&nbsp;

थेस्सलोनिकी, ४ जुलै २०१०

दादा,

गेलेल्यांच्या शेजारचा पेला तुझ्यापाशीच ठेव. मी मेलेली नाही, थेस्सलोनिकीत आहे.

आता लॅपटॉपचं. गुरुवारी दुपारी मला सुट्टी असते, त्यात मी दुकानं पालथी घातलीत. नुगज़ारकडचा तो मोठाही पाहिला. दुकानातल्या मुलीला विचारलं, हा इतका महाग का? ती म्हणाली, याच्यावर सिनेमा कापता येतो, मोठमोठे खेळ खेळता येतात. मी म्हटलं, बाई, मला पत्रं लिहायचीत, मुलाचे फोटो बघायचेत, आमच्याकडच्या बातम्या वाचायच्यात आणि रोज संध्याकाळी घरच्यांची तोंडं बघायचीत. एवढ्यासाठी मी बैल कशाला बांधू, मला शेळी पुरते. ती हसली आणि मग तिनं मला नीट दाखवायला सुरुवात केली.

छोट्याला सीडीचा कप्पा नसतो. तुझ्याकडे एक तरी सीडी आहे का? मग झालं तर. बटणं बारीक असतात, तुझी बोटं एकेका वेळी दोन बटणांवर पडतील हे खरं आहे. तू एका बोटानं लिही, तुला कुठे कादंबरी लिहायचीय. एकाच वेळी दहा कामं सांगितली तर तो धापा टाकतो. आपण एक काम सांगू.

खरी गोष्ट बॅटरीची आहे. मोठ्याची बॅटरी दीड तासात मान टाकते. तुझ्या मेजवानीत दीड तास झाला तरी तू देव, शांतता आणि मायभूमी एवढ्या पेल्यांतच रेंगाळत असतोस. मातांच्या पेल्यापर्यंत मी केव्हाच काळी पडलेली असेन. छोट्यांतही दोन जाती आहेत. तीन सेलच्या बॅटरीचा चपटा आणि देखणा दिसतो, पण दम नाही. सहा सेलच्या बॅटरीचा पाठीला कुबड आल्यासारखा दिसतो, पण दुपारपासून दिवेलागणीपर्यंत चार्जर न लावता चालतो. मी कुबडवाला घेणार. दुकानात त्याला एका हातावर ताटासारखा धरून मी पाऊण गल्ली चालून आले, ती मुलगी माझ्यामागे पळत होती. तिला वाटलं मी पळवला.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे, एका मोठ्याच्या पैशात छोटे दोन येतात. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. मोठा घेऊन तुझ्याकडे पाठवला तर मी इथे कशात बघू, पोलिक्सेनीच्या इस्त्रीत?

साचिवीचा वाडगा जरा सरकवून ठेवा म्हणजे मी दिसेन. मला फक्त एवढंच सांग, की मी बसणार कुठे?

मक्वाला

&nbsp;

वेलिसखेवी, २५ जुलै २०१०

मक्वाला,

यंदा पावसानं पिच्छा पुरवलाय. वेलींवर बुरशी येईल म्हणून दोनदा मोरचूद फवारला, तिसऱ्यांदा फवारावा लागेल असं दिसतंय. तरी घोस भरलेत. देवानं गारा टाकल्या नाहीत तर बेसोच्या लग्नाला जमिनीतले दोन्ही रांजण तोंडापर्यंत भरतील. त्यातला एक मी मेजवानीसाठी राखून ठेवलाय आणि त्याचं झाकण आत्तापासून कोणाला उघडू देत नाही.

घरात गडबड आहे. भिंतींना चुना लागला, अंगणातल्या अक्रोडाच्या खालच्या फांद्या छाटल्या, बाकं रंगवली. त्सिआलाही मदतीला येऊन जाते. तिनं तिबिलिसीहून मद्यरंगाचं कापड आणलंय, त्याला मोत्यांची बटणं लावणार म्हणते. तेओनाच्या आईला आमच्याकडची खाचापुरी फार आवडली.

तुझ्या त्या कुबड्याचं म्हणशील तर छोटा तर छोटा. तू ठरवलंस म्हणजे ठरलं, लहानपणापासून आम्ही हेच बघतोय. वाजवणाऱ्यांच्या शेजारी एक उंच तिवई ठेवू, तिथून तुला ढोल आणि गाणी छान ऐकू येतील.

शाल्वा

&nbsp;

थेस्सलोनिकी, १५ ऑगस्ट २०१०

दादा,

त्सिआला बटणं कशाला लावतेय?

मी तुला बसायची जागा विचारली आणि तू मला मोरचूद सांगितलास. तुझी बहीण आहे मी, तू कुठे वळण घेतोस ते मला कळतं. त्सिआला माझी नणंद, बेसोची आत्या. आत्या म्हणून तिनं खुशाल नटावं. पण मद्यरंगाचं कापड आणि मोती ही घरधनिणीची तयारी आहे. दारात सुनेला घ्यायला तू तिला सांगितलंयस आणि मेजावर माझ्या खुर्चीत बसवणार आहेस. मला वाजवणाऱ्यांच्या शेजारी तिवईवर ठेवणार आहेस, भाड्यानं आणलेल्या ढोलाबरोबर.

मला फार लागलंय, दादा. आडून सांगत नाही, सरळ सांगते. इथे मी दुसऱ्याच्या आईला रोज उचलते, धुते, भरवते. ते करताना मनात एकच असतं की याच्यातून माझ्या मुलाचं घर उभं राहतंय. आता ते घर उभं राहिलं आणि त्यात आईची खुर्ची दुसऱ्याला दिली. पैसे मी पाठवायचे, आणि आई कोणी दुसरी व्हायची, हे मला चालणार नाही.

गिव्हीबरोबर खोकं पाठवतेय. आत लॅपटॉप, चार्जर आणि माझी लोकरीची शाल आहे. शाल लॅपटॉपला धक्का लागू नये म्हणून गुंडाळलीय, ती वहिनीला दे. बटणांवर ग्रीक अक्षरं होती, त्यांच्यावर मी आपली अक्षरं लिहून चिकटपट्टीनं डकवलीत. तेलावीला जाऊन मोबाइलच्या दुकानातून इंटरनेटची ती काडी घे, बाजूच्या खाचेत घालायची असते. बाकी सगळं मी इथूनच तयार करून ठेवलंय, झाकण उघडून मधलं हिरवं चित्र दाबायचं. दर रविवारी दुपारी मी माझ्या मशीनसमोर बसलेली असेन.

मक्वाला

&nbsp;

वेलिसखेवी, १२ सप्टेंबर २०१०

मक्वा,

आज दुपारी तू दिसलीस. समोरासमोर बोललो तरी हे पत्र लिहितोय, कारण त्या मशीनवर बोलायचं म्हणजे सगळी गल्ली कान लावून बसते. पाहिलंस ना, नुगज़ार माझ्या मानेवरून डोकावत होता आणि वहिनीनं तुला ताजी खाचापुरी दाखवली, मग नुसती दाखवून काय उपयोग म्हणून स्वतःच रडत बसली. भावा-बहिणीचं भांडण पत्रातच बरं.

तुझे केस पिकलेत. हे तू कधी लिहिलं नव्हतंस. ते पाहिल्यावर मी मान खाली घालून बटणांकडे बघत राहिलो आणि सगळ्यांना वाटलं की मला बटण सापडत नाहीये.

खरं सांगतो. मेमध्ये तेओनाचे वडील बोलणी करायला आले, तेव्हा त्यांनी विचारलं, दारात सुनेला कोण घेणार, आईच्या जागी कोण बसणार. कोणी नाही असं मला म्हणवलं नाही. एवढी माणसं माझा शब्द झेलतात आणि माझ्या बहिणीची जागा रिकामी, हे तोंडातून निघेना. मी म्हणालो, त्सिआला. ती पण गांगरली, मग तयारीला लागली. तुझं पत्र आलं तेव्हा शब्द देऊन झाला होता. मोठ्या लॅपटॉपचं मी लावून धरलं ते त्याच्यासाठीच, की तुला परवडू नये आणि विषय संपावा. हे लिहिताना मला लाज वाटतेय.

आता त्सिआलाला दिलेली जागा मी कोणत्या तोंडानं काढून घेऊ? पण माझ्या हातात जे आहे ते तुला देतो. मातांच्या पेल्याला माझं बोलून झालं की आलावेर्दी तुला देईन. पुढचं बोलणं तुझ्या हवाली. तू पुरं करेपर्यंत सगळं मेज भरला पेला धरून उभं राहील, कोणी घोट घेणार नाही, हा नियम आहे आणि तो मी पाळून घेईन.

तुझा कुबड्या बाकी चांगला आहे. दुपारभर चालला, दमला नाही. आणि मी एका बोटानं माझं नाव लिहिलं.

तुझा शाल्वा

&nbsp;

थेस्सलोनिकी, ३ ऑक्टोबर २०१०

दादा,

खुर्चीचं लागलंय ते लागलंय, ते मी गिळणार नाही आणि तुला विसरूही देणार नाही. पण खरं सांगितलंस म्हणून आलावेर्दी घेते.

काय बोलायचं ते मी जुळवतेय. भाजी चिरताना बोलून बघते, जिना उतरताना बोलून बघते. पोलिक्सेनीला आपली भाषा कळत नाही, तरी तिनं काल मला हातानं थांबवून सांगितलं की शेवटचं वाक्य फार भरभर जातंय. लग्नाच्या दिवशी तिला पण नटायचंय. केसांना कुरळे करायचे रूळ आत्तापासून काढून ठेवलेत.

मशीन आदल्या दिवशी पूर्ण चार्ज करून ठेव.

मक्वाला

&nbsp;

थेस्सलोनिकी, २५ ऑक्टोबर २०१०

शाल्वा,

आज दादा लिहावंसं वाटत नाही.

सुनेला दारात घेतलं तेव्हा मला काय दिसलं ते ऐक. मद्यरंगाचं कापड आणि मोत्याचं एक बटण. बेसोनं रिवाजाप्रमाणे पायानं ताटली फोडली त्याचा आवाज आला, लोक ओरडले, कोणीतरी हसलं. माझ्यासमोर तेवढं एक बटण. त्सिआलाला माझ्यासमोर उभं राहायला दुसरी जागा नव्हती?

तेही मी सोडून दिलं. मेज दिसायला लागलं, बेसो दिसला, तेओनाची ती खळी दिसली. तू बोललास. आईबद्दल तू जे बोललास ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि म्हणूनच पुढचं इतकं लागलं. तू माझ्याकडे वळून म्हणालास, आलावेर्दी मक्वालाला. सगळे उठले. मी क्षणभर खाली बघितलं, श्वास घेतला, वर बघितलं तर तीनशे माणसं पेले धरून उभी. कोणाचं बोट हलत नव्हतं. मला वाटलं, वा, माझ्या भावानं मेज काय धरून ठेवलंय.

मी बोलले. सगळं बोलले. बेसोच्या वडिलांचं, त्यांच्यामागे तुम्ही सगळ्यांनी पोराला कसं सांभाळलंत त्याचं, तेओनाला या घरात कोणासमोर दबून राहायला लागू नये त्याचं. शेवटचं वाक्य सावकाश म्हटलं. आणि पेला वर उचलला.

कोणी पेला उचलला नाही. कोणी प्यालं नाही. सगळे तसेच बघत उभे. तू तर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतास, तुझी नजर कुठेतरी बाजूला होती. मी पेला धरून थांबले, हात दुखेपर्यंत थांबले. पोलिक्सेनी शेजारून म्हणत होती, अगं, मशीन अडकलंय, हे तर भिंतीवरच्या तसबिरीसारखे दिसतायत. मी तिला म्हटलं, तुम्हाला आमचं मेज ठाऊक नाही, आमच्यात आलावेर्दी ऐकताना असेच उभे राहतात. मग स्क्रीन काळी झाली.

आईनं मुलाच्या लग्नात बोलावं आणि मेजानं तिचा पेला न पिता तसाच ठेवावा. आपल्या खोऱ्यात वैऱ्याला तरी असं करतात का? मी एकटीनंच तो प्याले.

बेसोचा फोन आला, त्याला आशीर्वाद दिले आणि म्हातारीला बरं नाही सांगून ठेवला. त्याच्या सुखात मला रडं मिसळायचं नव्हतं. तुझे फोन मी घेणार नाही. मशीन मी कपाटात ठेवलंय.

मक्वाला

&nbsp;

वेलिसखेवी, ७ नोव्हेंबर २०१०

मक्वा,

आम्ही तुझा एक शब्दही ऐकला नाही.

पोलिक्सेनीला माझा नमस्कार सांग. आपल्या मुलुखाचे तीनशे काखेतियन आणि तू, एवढ्यांत डोकं त्या एका बाईचं ठिकाणावर होतं. आणि एक आमच्याकडे होती, ते पुढे सांगतो.

मी आलावेर्दी तुला दिली. तू खाली बघितलंस, ओठ मिटलेले, बोटं पेल्यावर, समोर तू लावलेली मेणबत्ती. आणि तशीच राहिलीस. आम्हाला काय वाटणार? मुलाचं लग्न, आई लांब, ऊर भरून आलाय, शब्द फुटत नाहीये. अशा वेळी मेज काय करतं ते तुला ठाऊक आहे. ते वाट बघतं. आम्ही वाट बघितली. पोरांना गप्प केलं. वाजवणाऱ्यांनी हात ढोलावरून काढले. जितका वेळ तू गप्प, तितकं लोकांना जास्त भरून यायला लागलं. तेओनाचे आजोबा रडले. नुगज़ार माझ्या कानात म्हणाला की न बोलता एवढं बोललेली बाई त्यानं जन्मात पाहिली नाही. म्हणजे तू तिकडे बोलत होतीस आणि आम्हाला शांतपणा ऐकू येत होता, आम्ही इकडे ताटकळलो होतो आणि तुला अदब दिसत होती.

मग तेओनानं माझी बाही ओढली. माझी नजर बाजूला होती म्हणतेस ती मी तिच्याकडे वळलो तेव्हाची नसणार, त्याआधीच तुझ्याकडचं चित्र थिजलं असणार, पण असो. ती हळूच म्हणाली, "मामा, सासूबाईंसमोरची ज्योत हलत नाहीये."

बेसो धावला. काडी काढली, घातली, मशीन डोक्यावर धरून अंगणभर फिरला. रेंज गेली ती गेलीच. बॅटरी मात्र शेवटपर्यंत टिकली, तुझी निवड चुकली नाही. तुझा फोन लावला, तो लागेना. लोकांचे हात दुखायला लागले. तेओनाचे वडील भला माणूस, माझ्याजवळ येऊन म्हणाले, तमादा, आलावेर्दी फिरवा, आत्या बसल्याच आहेत, त्यांना द्या, म्हणजे लोकांना पिता येईल. त्यात चूक काही नव्हतं, माझ्याही मनात क्षणभर आलं. मी तोंड उघडायच्या आत त्सिआला उठली.

"माझ्याकडे दिलीत तर मी हा पेला जमिनीवर ओतीन, शाल्वाभाऊ," ती म्हणाली. "बोलायचं मक्वालावहिनीला आहे."

मग मी मेजाला सांगितलं, "पेले भरलेलेच खाली ठेवा. हा पेला आज प्यायचा नाही." इतकी वर्षं मेज सांभाळतोय, पेला न पिता राहिला असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. बायकांनी सगळे पेले एका घागरीत परत ओतले, मी घागरीच्या तोंडाला मेण लावलं, आणि बेसो ती तळघरात ठेवून आला. बाकीची मेजवानी झाली, गाणी झाली, सगळं झालं. मातांचा पेला तेवढा झालेला नाही.

आता बटणाचं. सुनेला घ्यायला त्सिआला दारात गेली ती तुला हातात घेऊन. मी सांगितलं नव्हतं. पायऱ्या उतरताना पडशील म्हणून तिनं तुला छातीशी घट्ट धरलं, कॅमेरा आतल्या बाजूला. तिला वाटलं तुला दिसतंय. सुनेच्या ओठाला मध लावताना ती म्हणाली की हा हात माझा आहे, पण मध सासूचा आहे. हे तुला ऐकू आलं नसेल, कारण तुझे कान पण तिच्या कापडातच होते.

आणि खुर्चीचं. मेजावर तू कुठे होतीस ते तुला कळलंच नाही, कारण खुर्चीत बसलेल्याला खुर्ची दिसत नाही. तू आईच्या खुर्चीत होतीस, खाली दोन उशा घालून, तेओनाच्या आईच्या बरोबरीनं. त्या उशा त्सिआलानं घातल्या. ती स्वतः बाकावर बसली. मी जी जागा तिच्याकडून मागायला लाजत होतो, ती तिनं न मागता सोडली. तिला तू एक ओळ लिही.

आता पुढचं ठरवलंय ते ऐक. तेवीस तारखेला संत गिओर्गीचा दिवस, नाताळचे उपवास अजून लागलेले नसतात. टेकडीवरच्या देवळापाशी रेंज पूर्ण येते. काल बेसो आणि मी मशीन काखेत मारून वर गेलो आणि तासभर उभं राहून खात्री केली. नुगज़ारचा मोठा असता तर तो धाप लागून वाटेतच मेला असता. मेज तिथेच लावणार, उघड्यावर. बाकं न्यायला दोन ट्रॅक्टर सांगितलेत. तेओनाच्या घरची सगळी माणसं येतायत, तिचे आजोबा काठी टेकत येणार आहेत, वाजवणारे येतायत, आणि घागर मी स्वतः नेणार आहे, कोणाच्या हातात देणार नाही.

माझ्या हिशेबानं लग्न अजून चालू आहे. वरमाय बोलायची राहिलीय. मशीन कपाटातून काढ. आमच्या घड्याळात दुपारी दोन वाजता मी तुला हात हलवून दाखवीन, तूही हलव, म्हणजे दोघंही जिवंत आहोत हे कळेल. मग तू तुला हवं तितकं बोल. शेवटचं वाक्य सावकाश म्हण. तुझं पुरं होईपर्यंत कोणी पिणार नाही.

तुझा दादा
शाल्वा